आमच्या जिल्ह्यातली खेळण्याजोगी मैदानं

यंदा कुरडू वेळेवर आला. भाद्रपद सरता सरता मांजरसुंब्याच्या वरच्या पडीक रानात त्याचे तुरे दिसायला लागले, खाली रुपेरी आणि शेंड्याला गुलाबी-जांभळे. शेतकऱ्याला कुरडू म्हणजे डोकेदुखी. पिकात शिरला की निंदून निंदून बायांचे हात भरून येतात. कोवळा असताना त्याची भाजी होते, तेवढाच काय तो उपकार. पण पडीक रानात, जिथं त्याला कुणी उपटत नाही, तिथं तो असा फुलतो की रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडीचा वेग आपसूक कमी करावा. परवा मीही गाडी थांबवली, उतरलो, पँटला कुसळं चिकटेपर्यंत आत जाऊन आलो. संध्याकाळी परळीहून अप्पांचा फोन आला.

"आला का बे कुरडू?"

"आलाय, अप्पा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दरवर्षी हा फोन येतो. दरवर्षी "बरं"च्या पुढे "उद्या येतो, काठ्या घिऊन" असं वाक्य असायचं. यंदा ते आलं नाही, आणि मलाही "या" म्हणायला जमलं नाही. फोन हातात धरून मी ओट्यावर बसून राहिलो. साठी ओलांडलेल्या माणसाला अशा वेळी दोन शब्द सुचू नयेत, याचा मला भारी राग आला. दुसऱ्या कुणावर काढता येण्याजोगा तो नव्हता.

काठ्या म्हणजे गोल्फच्या काठ्या. बीड जिल्हा आणि गोल्फ हे ऐकून लोक हसतात, त्यांना हसू द्यावं. आम्हीही आधी हसलोच होतो. अप्पांचं परळीत लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, पाइप, रंगाचे डबे, आणि त्या सगळ्यावर विजेच्या कारखान्यातून उडून आलेली राखेची बारीक साय. सकाळी कपाळाला विभूती लावून अप्पा दुकान उघडत आणि म्हणत, "एवढी राख फुकट येती, तरी विभूती इकत घ्यावी लागती." कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायचा. जाताना तो आपली गोल्फची पिशवी अप्पांना देऊन गेला. पिशवीत काठ्या, मूठभर पांढरे बॉल आणि एक रंगीत पुस्तक. त्या इंग्रजाच्या जिल्ह्यात खेळण्याजोगी मैदानं कोणती, कुठं काय खावं, कुठं वारा कसा वाहतो, अशी सगळी माहिती त्यात फोटोंसकट.

अप्पांनी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचत. त्यात मैदानांच्या दोन जाती सांगितल्या होत्या. एक झाडांतली, बागेसारखी, मोठमोठ्या झाडांच्या सावलीतून जाणारी. दुसरी उघड्या, खडकाळ जमिनीवरची, जिथं झाड नाही, नुसती झुडपं, आणि पावसाळा सरला की ती झुडपं जांभळी होतात. ह्या दुसऱ्या जातीला पुस्तकात हीथ म्हटलं होतं.

"हीथ म्हंजे माळच की," अप्पा मला म्हणाले होते. "इंग्रजाचा माळ. त्याच्या जिल्ह्याचं पुस्तक निघतंय, मग आपल्या जिल्ह्याचं कावून न्हाई?"

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, त्यात मी शिकलेला निघालो आणि मेंढरांना लस टोचायचं काम मिळवलं. म्हणजे फिरणं काही सुटलं नाही. अप्पा मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही असं मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला. जिल्ह्यातले सगळे माळ मला पायाखालचे, आणि अप्पांना दुकानाला सुट्टी सोमवारी. मग सोमवारी माझ्या मोटारसायकलवर मागं अप्पा, त्यांच्या पाठीला पिशवी, अशी आमची वरात निघायची. चौकातली पोरं म्हणायची, अप्पा बंदूक घेऊन कुठं चालले.

असं करत करत आम्ही जिल्हा पालथा घातला. पालीला धरणाच्या मागं जो माळ आहे तो अप्पांच्या हिशेबी पहिल्या प्रतीचा. पाण्यावरून वारा येतो आणि सरळ मारलेला बॉल वाकडा नेऊन ठेवतो. "इथं मानूस नम्र होतो," असं अप्पांचं त्यावरचं मत. आमच्या गावच्या नदीकाठी चिंचेची दाट रांग आहे, ते आमचं झाडांतलं मैदान. तिथं उन्हाचा त्रास नाही, पण बॉल चिंचेच्या खोडावर आपटला की मागं येऊन मारणाऱ्याच्याच नडगीवर बसतो. परळीजवळ राखेचं एक मोकळं पटांगण होतं, तिथं एकदाच गेलतो. बॉल राखेत पडला तो पडलाच. अप्पांनी त्या मैदानाचं नाव आपल्या यादीतून काढून टाकलं.

आणि मांजरसुंब्याच्या वरचं पडीक रान, ते सगळ्यांत लाडकं. खाली महामार्गावरून ट्रकचे हॉर्न ऐकू येतात, खेळून झालं की ढाब्यावर पिठलं-भाकरी आणि वर चहा. एके काळी कुणीतरी ते कसलं होतं, मग सोडून दिलं. म्हणून तिथं कुरडू माजतो. पुस्तकात एक फोटो होता, दोन पानांवर पसरलेला, जांभळ्या माळाचा. पहिल्यांदा आम्ही तिथं कुरडू फुललेला बघितला तेव्हा अप्पांनी पिशवीतून पुस्तक काढलं, फोटो उघडला, हात लांब करून माळाशेजारी धरला आणि एकदा इकडे एकदा तिकडे बघत उभे राहिले. "त्येंच्यात गुलाबी कमी हाय," म्हणाले. त्या दिवशी ते खेळले फार वाईट, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

नियमही आमचेच. होलच्या जागी रंगाचा रिकामा डबा पुरलेला. मेंढरं दुपारी जिथं बसतात तिथलं गवत ती दातानं इतकं बारीक करून ठेवतात की डबा तिथंच पुरायचा. लेंड्यांत बॉल पडला तर उचलून पुसून घ्यावा, दंड नाही. टिटवीच्या अंड्यांजवळ पडला तर सोडून द्यावा. बिरोबाच्या ठाण्यात, शेंदराच्या दगडांमध्ये गेला तर तो देवाचा झाला, परत मागायचा नाही. वीस-बावीस वर्षांत बिरोबाकडं बॉलची चांगली रास जमली, आणि त्यातल्या काहींना कुणीतरी भक्तिभावानं शेंदूर फासला.

अप्पांचे डोळे कधी बिघडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही. काचबिंदू असाच येतो म्हणे, चोरपावलानं. बाजूचं आधी जातं, मधलं शेवटी. दुकानात डाव्या हाताला उभं राहिलेलं गिऱ्हाईक त्यांना दिसेनासं झालं, तर ते म्हणायचे, हल्ली लोक बोलल्याशिवाय आत येतात, रीत राहिली नाही. माळावर बॉल मारला की "कुटं गेला बे?" असं विचारायला लागले. मी म्हणायचो, बॉलला पाय फुटलेत, अप्पा. आम्ही दोघं हसायचो. काकू, म्हणजे अप्पांची बायको, यांच्या एकदा लक्षात आलं की ते ताटातली भाकरी खातात आणि डाव्या बाजूची भाजी तशीच राहते. काकूंनीच त्यांना लातूरला नेलं.

लातूरच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी थेंब दिले, वेळा सांगितल्या आणि म्हणाल्या, गेलेलं येत नाही, आहे तेवढं सांभाळू. मी बरोबर होतो. मेंढराला आंत्रविषार होऊ नये म्हणून काय टोचायचं ते मला झोपेतही सांगता येईल. त्या खुर्चीवर मी आपला अप्पांची टोपी हातात धरून बसलो होतो.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हन्तेत. म्या येकच मागितला, तर त्यानं तोंडाला पानं पुसली." मग रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

दुकानदाराचं माप दुकानातलंच असणार. किती दिसतं असं विचारलं की अप्पा पाइपाच्या मापात सांगायचे. "सध्या दोन इंची चाललाय." पाइपातून बघितल्यासारखं, भोवती अंधार आणि मधोमध गोल उजेड. मागच्या वर्षी मृगात ते एक इंचावर आले. आणि तेव्हा ते मला म्हणाले, त्यांच्या एरवीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाले नाहीत, "डाक्टर, औंदाचा कुरडू बगायचाय. मांजरसुंब्याचा. मग गेले डोळे तरी चालतील. खेळलो न खेळलो, माळ बगायचा."

तेच एक मागणं होतं. आणि मागच्या वर्षी श्रावण कोरडा गेला.

पाऊस आपल्या हातात नसतो हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, तो ते दुधाबरोबर पितो. पण त्या दिवसांत मला ते नव्यानं शिकावं लागलं. दर दोन-तीन दिवसांनी मी मांजरसुंब्याला जायचो. कुरडू वीतभर उगवून तिथंच थांबला होता, हिरवा, मुका. मी त्याच्याकडे बघत उभा राहायचो, जसं काही माझ्या बघण्यानं त्याला तुरा येणार होता. इकडे अप्पांचे थेंब वेळच्या वेळी चालू होते आणि तरीही पाऊण इंच झाला होता. दोन्ही गोष्टी मला दिसत होत्या. कुरडूला लवकर ये म्हणता येत नव्हतं आणि डोळ्यांना थांबा म्हणता येत नव्हतं. मी घरी येऊन बायकोवर चिडायचो. ती बिचारी म्हणायची, माझं काय चुकलं ते तरी सांगा.

आश्विनात अप्पाच म्हणाले, फूल नसलं तर नसलं, खेळून तरी येऊ. म्हणून गेलो. रानात सोपानतात्यांची मेंढरं होती. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, अजून मेंढरांमागं फिरणारे. आमचं खेळणं ते गेली कित्येक वर्षं लांबून बघत आले होते आणि "हे कावून करता?" एवढं एकदा विचारून त्यांनी उत्तराची वाट बघणं सोडून दिलं होतं.

अप्पांना पायाशी ठेवलेला बॉल स्वच्छ दिसत होता. त्यावरचा ओरखडा दिसत होता. डब्याजवळची झेंडी मात्र त्यांना सापडत नव्हती. पाइप इकडे फिरव, तिकडे फिरव, नुसतं आभाळ आणि गवत. तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, "दिसंना तर ऐकू तरी येतंय का?"

"ऐकू लई येतंय," अप्पा म्हणाले.

तात्यांच्या कळपापुढं एक एडका चालायचा, त्याच्या गळ्यात पितळी घंटी. त्या घंटीच्या मागं सगळी मेंढरं. तात्यांनी तो एडका नेला, झेंडीच्या काठीला बांधला आणि ओरडले, "घंटीकडं मारा." अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ते नीट उभे राहिले, कान दिला, घंटी वाजली, तिकडे खांदा वळवला. मग पुन्हा खाली बॉलकडे बघितलं, पुन्हा कान दिला. घाई कसली नव्हतीच.

एवढ्या वेळात तात्यांनी एडका सोडून दिला होता. आमच्यात गवतात उभं केलेलं जनावर बांधून ठेवत नाहीत. पोटासमोर चारा आणि गळ्यात दावं, हे पाप मानतात. तात्यांनी त्याला मदतीसाठी बांधलं खरं, पण बांधून चार पावलं आले आणि त्यांना राहवेना, परत जाऊन सोडून आले. एडका आपला चरत चरत डाव्या अंगाला निघाला. मागं मेंढरं. मी हात वर केला, ओरडणार तोच अप्पांनी काठी फिरवली.

तसा फटका मी त्यांचा त्याआधी बघितला नव्हता. बॉल नेमका घंटीकडे गेला. मेंढरांवरून गेला, त्यांच्यापलीकडं पडला. झेंडी उजवीकडं तशीच उभी होती, तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"कुटं गेला बे?"

"घंटीकडं," मी म्हणालो.

"जवळ?"

"लई जवळ."

तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ध्यानात आलं होतं. "म्या सोडला ओ त्याला," ते हळूच म्हणाले. "गवतात हुबं करून कसं बांधू?" माझ्या हातूनही तेच झालं असतं. अप्पांनी दोघांचं ऐकलं. हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजे होल चालायला लागला," म्हणाले. "बरं झालं. आजवर आमी होलाकडं जायचो." परत येताना मोटारसायकलवर मात्र माझ्या पाठीवर त्यांचं कपाळ टेकलेलं मला लागत होतं.

मग परतीचा पाऊस आला, उशिरा आणि भरपूर. ज्यांचं सोयाबीन कापून पडलं होतं त्यांचं वाटोळं करून गेला. अशा पावसानं आपण खूश व्हावं याची लाज वाटते, पण मी खूश झालो, हे खरं आहे. दिवाळी सरली आणि मांजरसुंब्याचा माळ फुलला. इतका उशिरा फुललेला मी कधी बघितला नव्हता, आणि इतका दाटही नाही. टोकापासून टोकापर्यंत जांभळा-गुलाबी, वाऱ्यानं एका अंगाला कलंडायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. मी तिथूनच अप्पांना फोन केला.

अप्पा तेव्हा अर्ध्या इंचावर आले होते.

जीप केली. काकूंनी दारात माझा हात धरला. "घिऊन जा बाबा, पर पडू दिऊ नकू," म्हणाल्या. पिशवी अप्पांनी घेतली नाही. पुस्तक मात्र बरोबर होतं, मांडीवर. घाट चढेपर्यंत उन्हं उतरायला लागली. रस्त्यात ट्रक अडकले होते, त्याला कुणाचा इलाज.

माळाच्या कडेला एक सपाट खडक आहे, आमची खेळायची सुरुवात तिथून व्हायची. त्यावर मी अप्पांना उभं केलं.

"फुललाय?"

"फुललाय, अप्पा. सगळा."

त्यांनी मान वर केली, खाली केली. मी एक तुरा तोडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तो त्यांना दिसला. बोटानं त्यांनी त्याचा शेंडा चाचपला, खालचा रुपेरी भाग चाचपला. "ह्यो दिसला," म्हणाले. "लई नितळ दिसला. आता माळ दाखीव."

"समोर हाय की, अप्पा. सगळीकडं हाय."

"सगळीकडं कसं बगू बे? पाइपात मावत न्हाई."

पुढ्यात एवढा माळ पसरलेला, त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा गुलाबी उजेडसुद्धा पडलेला, आणि त्यांना दिसत होता बांगडीएवढा तुकडा. काही दाखवण्यासाठी माणूस बोट करतो. मी केलंही एकदा, सवयीनं, आणि हात खाली घेतला. रडू फुटेल असं वाटलं म्हणून मी खाली बसून बुटाची नाडी बांधली.

अप्पांनीच मार्ग काढला. दुकानदार माणूस, माल एकदम येत नसेल तर थोडा थोडा आणणारा. "माझ्या मागं हुबा रहा," म्हणाले. "खांदे धर. डाव्या अंगापासून सुरू कर, आन् हळू फिरव. म्या येक येक तुकडा बगतो, मागच्याला जोडत जातो."

मी त्यांचे खांदे धरले आणि त्यांना माळाच्या डाव्या टोकाकडे वळवलं.

"हं," ते म्हणाले. "थांब." डोळे रोखून बघत राहिले. मग, "फुडं."

मी तसूभर वळवलं. "थांब. हं. फुडं." मधेच एकदा म्हणाले, "मागं घे जरा, मागचा निसटला." मी मागं घेतलं. त्यांचा श्वास मला हातांखाली कळत होता. असं आम्ही किती वेळ केलं कुणास ठाऊक. खाली ट्रकचे दिवे लागायला लागले. मी आभाळाकडे बघायचो आणि मनातल्या मनात सूर्याला शिव्या घालायचो. तो आपला जातच होता.

माळाच्या मधोमध एक बोरीचं झाड आहे. तिथवर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडाला.

"अजून किती ऱ्हायला?" अप्पांनी विचारलं.

उजव्या अंगाला सगळा माळ पडला होता. निम्मा.

"थोडाच," मी म्हणालो.

"मग घे फुडं."

मी वळवत राहिलो. तुऱ्यांचा रंग गेला, मग तुरे गेले, मग माळ कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं तेही मला सांगता येईना. माझ्या चांगल्या दोन डोळ्यांना समोर नुसता काळोख होता. आणि अप्पा दर तुकड्याला थांबत होते, नीट बघत होते आणि म्हणत होते, "हं. फुडं."